कॅप्टन डायेट यांची शाळा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभानंतरच्या सत्रात केलेले भाषण)



भाषणाचे निमंत्रण आले तेव्हा विषय मीच निवडावा असे चिटणीसांनी मोठ्या मनाने लिहिले होते. त्यानंतर आठ दिवसांनी कार्यक्रमपत्रिका हाती पडली आणि माझ्या भाषणाच्या खालीच एक ठराव छापलेला दिसला : ‘तळमजल्यावरील वाद्यवर्गाची खोली रिकामी करून तेथे स्पर्धा-परीक्षांसाठी अभ्यासिका सुरू करावी.’ तेव्हा मनाशी म्हटले, विषय आपण निवडावयाचे आता कारण उरले नाही, तो निवडला गेलाच आहे. परंतु ठराव मांडणाऱ्या तरुण मित्रांनी गैरसमज करून घेऊ नये. मी त्यांच्याशी वाद घालण्यास उभा राहिलेलो नाही. मी एका परदेशी शाळामास्तराची हकीकत सांगणार आहे. तिचा आपल्याशी संबंध किती, हे आपण ऐकून ठरवावे.

ह्या गृहस्थांचे नाव वॉल्टर हेन्री डायेट. जन्म ११ जानेवारी १९०१, अमेरिकेतील मिसुरी राज्यात, सेंट जोसेफ ह्या गावी. आपले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले तेही ह्याच वर्षी, ५ मे रोजी. ह्या योगायोगाला मी फारसे महत्त्व देत नाही. पण दोघांचे दुखणे एकच होते, म्हणून तो ध्यानात राहिला. ज्याच्या हातात वाद्य आहे त्याला समाजाने दाराबाहेर उभे करू नये, असे दोघांनाही वाटे. आणि ते साधावयाचे तर आधी वाजवणाऱ्याने वेळेवर यावे, नीट पोशाख करावा, लिहिलेले वाचावे आणि शिकलेले दाखवावे, असा दोघांचाही आग्रह होता.

डायेट हे कृष्णवर्णीय होते. त्या काळी अमेरिकेत ह्या एका गोष्टीने माणसाचे घर, शाळा, नोकरी, फार काय, नाटकगृहातील खुर्चीसुद्धा ठरून जात असे. बालपण कॅलिफोर्नियात गेले, व्हायोलिन तेथेच शिकले. पुढे वैद्यकीचे शिक्षण घ्यावे असा बेत होता. परंतु शिकागोला आल्यावर पोटापाण्याचा प्रश्न पुढे उभा राहिला आणि डॉक्टर व्हावयाचा मुलगा वेंडोम नावाच्या चित्रगृहात अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला. मूकपटाचा तो काळ. पडद्यावर चित्र हले आणि खाली बसलेले वीस-पंचवीस वादक त्याला जीव देत. लुई आर्मस्ट्राँगसारखा वादकही ह्या वाद्यवृंदात वाजवून गेला आहे. ह्याच टेट यांच्याकडे पियानो वाजवणारे टेडी वेदरफोर्ड पुढे पूर्वेकडे निघाले, १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांनी वाद्यवृंद चालवला, आणि १९४५ मध्ये कलकत्त्यास त्यांचा अंत झाला. त्या काळच्या हॉटेलांतल्या अशा वाद्यवृंदांतून आपले गोमंतकीय वादक जॅझ शिकले. गोव्यातील चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलेखन वाचावयास शिकलेली ती मुले होती. म्हणून तर पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा भार त्यांना उचलता आला. शाळेतल्या एका मास्तराने बाकावर बसवून घोकून घेतलेली स्वरलिपी पन्नास वर्षे किती घरांच्या चुली पेटवते, ह्याचे याहून जवळचे उदाहरण मजपाशी नाही.

आता शिकागोकडे वळू. दक्षिणेकडील राज्यांतील जुलूम आणि दारिद्र्य यांना कंटाळून कृष्णवर्णीय कुटुंबे आगगाडीने उत्तरेकडे येत होती. १९१० मध्ये शिकागोत त्यांची वस्ती सुमारे ४४ हजार होती. १९२० मध्ये १ लाख ९ हजारांवर गेली. १९३० मध्ये २ लाख ३३ हजारांच्या पुढे. माणसे वाढली, पण राहावयाची जागा वाढू दिली नाही. घरमालक आपापसांत करार करीत की ह्या रस्त्यावरील घर काळ्या माणसास विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे नाही. असे करार न्यायालयांनी बजावून देऊ नयेत असा निर्णय त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९४८ मध्ये. १९१९ च्या उन्हाळ्यात शहरात दंगल उसळली आणि ३८ माणसे मारली गेली, त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय. दक्षिण भागातील एका चिंचोळ्या पट्टीत ही सगळी वस्ती दाटीने राहिली. त्या पट्टीतच दुकाने, वर्तमानपत्रे, प्रार्थनामंदिरे, नाचघरे निघाली. वादकांची युनियनसुद्धा निराळी होती. गोऱ्यांची एक, ह्यांची एक. १९०२ मध्ये स्थापन झालेली ही निराळी युनियन गोऱ्यांच्या युनियनमध्ये विलीन झाली ती थेट १९६६ मध्ये.

ह्या वस्तीतील वेंडेल फिलिप्स हायस्कूलमध्ये मेजर क्लार्क स्मिथ नावाचे बँडमास्तर होते. टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या संस्थेत बँड उभारून आलेला, लष्करी शिस्तीचा मनुष्य. त्यांच्यानंतर, १९३१ मध्ये, डायेट त्या शाळेत संगीताचे काम पाहू लागले. हेही लक्षात घ्या की तोवर बोलपट आले होते, चित्रगृहांतील वादकांच्या खुर्च्या एकामागून एक रिकाम्या झाल्या होत्या, आणि मंदीने देश गांजला होता. म्हणजे शिक्षकी पेशाकडे वळण्यात केवळ ध्येयवादच होता असे मी म्हणणार नाही. पोटासाठी धरलेले काम माणूस पुढे कसे करतो, त्यावर त्याची किंमत ठरते. नॅशनल गार्डच्या आठव्या रेजिमेंटचा बँडही ते चालवीत; ‘कॅप्टन’ ही पदवी त्यातून आली आणि मुलांच्या तोंडी ‘कॅप’ होऊन राहिली. नोकरी करीत असतानाच त्यांनी संगीताची पदवी मिळवली, आणि पुढे पदव्युत्तर पदवीही.

१९३५ मध्ये जवळच नव्या शाळेची इमारत तयार झाली. शिकागोच्या जागी प्रथम वस्ती करणारा जाँ बाप्तिस्त प्वां द्यु साब्ल हा कृष्णवर्णीय व्यापारी. त्याचे नाव शाळेला दिले गेले, द्युसेबल हायस्कूल. पुढे १९८३ मध्ये शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झालेले हॅरल्ड वॉशिंग्टन हे ह्याच शाळेचे विद्यार्थी. डायेट ह्या शाळेत पंचवीस वर्षांहून अधिक काळ होते.

आता त्यांच्या वर्गाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण माझा उभा जन्म अशाच वर्गात गेला आणि काय अवघड असते ते मला ठाऊक आहे.

पहिली गोष्ट वाद्यांची. घरी वाद्य असलेली मुले त्या वस्तीत कितीशी असणार? शाळेने वाद्य द्यावयाचे, मुलाने ते जपावयाचे. परंतु शाळेला मिळणारा पैसा अपुरा. डायेट यांनी त्यावर युक्ती काढली. दरवर्षी ‘हाय-जिंक्स’ नावाचा मोठा करमणुकीचा प्रयोग ते मुलांकडून बसवून घेत. गाणे, नाच, नकला, बँड, सर्व काही मुलांचेच. पाहावयास सारी वस्ती तिकीट काढून येई. आणि त्या उत्पन्नातून वाद्ये, स्वरलिपीचे कागद, गणवेश यांचा खर्च निघे. ह्यात दुहेरी लाभ होता. पैसा तर येईच, पण सोळा वर्षांच्या मुलाला हेही कळे की समोर तिकीट काढून बसलेला माणूस आहे आणि त्याला रडत-रखडत वाजवलेले चालावयाचे नाही. व्यवसाय म्हणजे काय, ते पुस्तकावाचून कळे.

दुसरी गोष्ट निवडीची. डायेट यांच्याकडे एकच बँड नव्हता. नवशिक्यांचा वर्ग निराळा, कवायतीचा बँड निराळा, मैफलीचा बँड निराळा, आणि सर्वांत हुषार मुलांसाठी नृत्यसंगीत व जॅझ वाजवणारा छोटा बँड. सर्व मुलांचा डोळा ह्या शेवटच्या बँडवर. परंतु त्याची वाट अभिजात संगीताच्या वर्गातूनच जाई. ज्याला रात्री टाळ्या हव्यात त्याने सकाळी स्वरलिपी वाचली पाहिजे, हा त्यांचा खाक्या. जॉनी ग्रिफिन नावाच्या मुलाची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याने जीन अ‍ॅमन्स ह्या द्युसेबलच्याच थोरल्या विद्यार्थ्याचा टेनर सॅक्सोफोन ऐकला आणि हट्ट धरला की मला हेच वाद्य हवे. मुलगा अंगाने अगदी लहानखुरा. डायेट यांनी त्याच्या हातात क्लॅरिनेट दिले. मग ओबो, मग इंग्लिश हॉर्न. मुलगा चरफडला असेल. पण १९४५ मध्ये शाळा संपते न संपते तोच लायोनेल हॅम्प्टन यांच्या नामांकित वाद्यवृंदात त्याला जागा मिळाली, आणि तेथे त्याच्या हाती टेनर आले. पुढे जगातील सर्वांत वेगवान टेनरवादकांत त्याची गणना झाली. माझे वडील मला सनई देण्यापूर्वी दोन वर्षे नुसता सूर धरावयास बसवीत. गाल भरून, श्वास न तोडता, एकच स्वर. मला तेव्हा तो छळ वाटे. ग्रिफिनची गोष्ट वाचल्यावर वाटले, हे कॅप्टन आपल्याच देवळाच्या ओवरीवर बसून शिकले की काय!

तिसरी गोष्ट कानाची. शंभर मुले एकदम वाजवीत असता कोणत्या रांगेतील कोणत्या मुलाचा स्वर चुकला ते डायेट नेमके सांगत, असे त्यांचे शिष्य एकमुखाने सांगतात. चुकणाऱ्याला सर्वांसमोर एकट्याने वाजवावे लागे. त्यांची जीभ तिखट होती, आणि वर्गातून हाकलून देण्यास ते मागेपुढे पाहत नसत. इथे मला माझे मत सांगितले पाहिजे. शिष्यांनी म्हातारपणी कौतुकाने सांगितलेली कडक शिक्षा ही यशस्वी झालेल्यांच्या तोंडची असते. जो मुलगा त्या बोलण्याने वाद्य ठेवून गेला आणि परत आला नाही, त्याची आठवण कोणी लिहून ठेवीत नाही. माझ्याकडूनही एक-दोन मुले अशी गेली आहेत. त्यांची नावे मला आजही आठवतात. तेव्हा डायेट यांची जरब मी तुमच्यापुढे आदर्श म्हणून ठेवीत नाही. त्यांचा कान आणि त्यांची नित्याची हजेरी मात्र जरूर ठेवतो.

त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांची यादी मोठी आहे. नॅट ‘किंग’ कोल हे नाव आपल्यापैकी थोरांना ग्रामोफोनमुळे माहीत असेल. गायिका डायना वॉशिंग्टन, मूळची रूथ जोन्स. १९४३ मध्ये शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये मैफल करणारी पियानोवादक डोरोथी डॉनेगन. सॅक्सोफोनवादक व्हॉन फ्रीमन, ज्यांना त्यांच्या देशाचा जॅझमधील सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला तो २०१२ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या वर्षी, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यानंतर. एडी हॅरिस, क्लिफर्ड जॉर्डन, व्हायोलिनवादक लेरॉय जेंकिन्स. आणि बासवादक रिचर्ड डेव्हिस. ह्या डेव्हिस यांचे उदाहरण मला विशेष वाटते. ते तरुण असताना अमेरिकेतील मोठ्या सिंफनी वाद्यवृंदांची दारे कृष्णवर्णीय वादकांना जवळजवळ बंदच होती. तरी त्यांनी अभिजात वादन सोडले नाही. ते स्त्राविन्स्की यांच्या हाताखालीही वाजवले आणि जॅझमध्येही अग्रभागी राहिले. पुढे १९७७ पासून जवळजवळ चाळीस वर्षे विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक होते. शिष्य शिक्षक झाला की विद्या एका पिढीपुरती राहत नाही. जोसेफ जार्मन हे द्युसेबलमध्ये डायेट यांच्याकडे ड्रम वाजवीत. १९६५ मध्ये शिकागोतील कृष्णवर्णीय संगीतकारांनी स्वतःची जी संस्था काढली तिच्या आरंभीच्या सभासदांत ते होते, आणि त्या संस्थेने वस्तीतील मुलांसाठी संगीताचे मोफत वर्ग चालवले.

परंतु ह्या नावांनी तुम्ही दिपून जाऊ नये. दरवर्षी शेकडो मुले त्या वर्गातून गेली आणि त्यांतील बहुतेक वादक झाली नाहीत. ती टपालखात्यात गेली, कारखान्यात गेली, शिक्षक झाली. ठरावाचे सूचक मला विचारतील, आणि विचारले पाहिजे, की मग त्या बहुतेकांना काय मिळाले? एवढेच सांगता येईल की जेथे शाळेच्या खोल्या अपुऱ्या, कृष्णवर्णीय मुलांना अनेक ठिकाणी अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या पाळ्यांत बसावे लागे, जेथे ह्या अन्यायाविरुद्ध ऑक्टोबर १९६३ मध्ये दोन लाखांहून अधिक विद्यार्थी एक दिवस शाळेत गेले नाहीत, त्या शहरात एका खोलीत मुलाला रोज असे सांगितले जात होते की तुझ्याकडून उत्तमाचीच अपेक्षा आहे, त्याहून कमी चालणार नाही. असे सांगणारा एकही माणूस ज्याला बालपणी भेटला नाही, त्याला पुढे परीक्षेची पुस्तके किती दिली तरी ती जड जातात. हे माझे मत आहे, आकडे नाहीत.

१७ नोव्हेंबर १९६९ रोजी डायेट निवर्तले. १९७२ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात त्यांच्या नावाची शाळा उघडली. येथून पुढील भाग माझ्या मते सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०१२ मध्ये शहराच्या शिक्षणमंडळाने ही शाळा क्रमाक्रमाने बंद करण्याचे ठरवले. विद्यार्थी कमी, निकाल कमी, अशी कारणे दिली गेली. २०१५ च्या जूनमध्ये उरलेल्या मोजक्या मुलांचा अखेरचा वर्ग बाहेर पडला. तेव्हा १७ ऑगस्टला वस्तीतील बारा माणसे, त्यांत आया, आज्या, शिक्षक होते, उपोषणास बसली. चौतीस दिवस ते उपोषण चालले. शाळा पुन्हा उघडण्याचे जाहीर झाले, आणि २०१६ मध्ये ती कलाशिक्षणाची शाळा म्हणून उघडली. वस्तीने मागितली होती तशी ती तंतोतंत मिळाली नाही, हेही सांगितले पाहिजे. पण एका बँडमास्तराच्या नावाची पाटी खाली उतरू नये म्हणून, त्याच्या मृत्यूनंतर शेहेचाळीस वर्षांनी, माणसे उपाशी बसली.

बंधूंनो, आपण गुरव. देवाची पूजा, बेल-फूल आणि वाद्य ही आपल्या घराण्यांची जुनी सेवा. सनई, चौघडा, पखवाज आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाजले. त्याबद्दल बलुत्याच्या चार पायल्या धान्य मिळे, आणि मानाचे म्हणावे तर लग्नमंडपाच्या बाहेरची जागा. माझ्या वडिलांनी ज्या घरांच्या सर्व लग्नांत सनई वाजवली, त्या घरांच्या पंगतीत ते एकदाही पहिल्या रांगेत बसले नाहीत. तेव्हा आमच्या पिढीने सनई माळ्यावर टाकली आणि कारकुनी धरली, ह्यात नवल नाही. तिला मी दोष देत नाही. मी स्वतः शाळेत संगीतशिक्षक झालो तरी वीस वर्षांत माझा तास किती वेळा गणिताच्या शिक्षकांना दिला गेला त्याची मोजदाद ठेवलेली नाही. परीक्षा जवळ आली की संगीत लांब जाते, हा सर्व शाळांचा रिवाज.

अभ्यासिकेची गरज मला पूर्ण मान्य आहे. आपल्या किती मुलांना घरी बसावयास कोपरा नाही, रात्री अकरापर्यंत ती कोठे कोठे दिव्याखाली बसतात, हे मी पाहतो. त्यांतील एकदोघे अधिकारी झाले तर सबंध ज्ञातीची मान उंचावेल, हेही खरे. पण तळमजल्यावरील खोलीत काय आहे, ते ठराव मांडणाऱ्यांपैकी किती जणांनी आत जाऊन पाहिले? चार पखवाज आहेत. त्यांतील एकाची पुडी फाटली आहे आणि ती बदलण्याची मागणी दोन वर्षे दप्तरात पडून आहे. सहा सनया आहेत, दोन हार्मोनियम, एक खुर्दक, आणि ज्ञातीतील एका वृद्ध बाईंनी पतीच्या निधनानंतर आणून दिलेला चौघडा. वर्गात चौदा मुले येतात, त्यांत पाच मुली. मुलींनी सनई फुंकावी ही गोष्ट आपल्या आजोबांना खपली नसती. आज त्या पाचांपैकी एकीचा श्वास माझ्यापेक्षा लांब आहे. मुले पखवाजाला कणीक स्वतः लावतात, सूर स्वतः मिळवतात, आणि गेल्या वर्षापासून बोल वहीत लिहून घेतात. आमच्या घरात बोल कधी लिहिले गेले नाहीत. वडिलांना ठाऊक असलेल्यांपैकी निम्मे त्यांच्याबरोबरच गेले.

म्हणून माझी उपसूचना आहे आणि ती मी लिहून चिटणीसांच्या हाती दिली आहे. अभ्यासिका त्याच खोलीत पहाटे पाचपासून सायंकाळी साडेपाचपर्यंत आणि रात्री आठनंतर चालावी. मधले अडीच तास वाद्यवर्गाचे. वाद्यांसाठी भिंतीला लागून दोन कपाटे करून घ्यावीत. त्यांचा खर्च वर्गाने स्वतः उभारावा, आणि त्यासाठी मुलांनी येत्या दिवाळीनंतर तिकीट लावून एक कार्यक्रम करावा. डायेट यांच्याकडून उसनी घेतलेली एवढी एकच युक्ती. कार्यक्रमाचे उत्पन्न कपाटांपेक्षा अधिक झाले तर अधिक रक्कम अभ्यासिकेच्या पुस्तकांसाठी द्यावी, असेही त्यात लिहिले आहे. वर्गातील मुलांना विचारूनच लिहिले आहे.

मुले खाली थांबली आहेत. त्यांचे वादन मतदानापूर्वी ठेवावे की नंतर, याचा निर्णय अध्यक्ष महाराजांनी द्यावा.